जामीनदार आणायचा कुठून?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

"तुमची काय बुवा, चैन आहे! स्कॉलरशिप तुम्हाला, लोन तुम्हाला..." मेसमध्ये कोणीतरी माझ्या रूममेटला हे ऐकवलं. ती मालेगावची. काही बोलली नाही, खाली मान घालून जेवत राहिली. मला मात्र राग आला, म्हणून हा लेख.

गंमत बघा. घटनेच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवता येतात. आमची कॉन्व्हेंट त्यातलीच. आणि वर्गात निम्म्याहून जास्त आम्ही हिंदू मुली! आम्हाला कधी कोणी म्हटलं नाही की तुमची चैन आहे.

योजना नाहीत असं मुळीच नाही. अल्पसंख्याकांना कर्ज देणारं केंद्राचं महामंडळ 1994 पासून आहे. 2006 मध्ये वेगळं मंत्रालय झालं, पंतप्रधानांचा नवा 15 कलमी कार्यक्रम आला. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवालही आला. 2001 च्या जनगणनेत मुस्लिम 13.4 टक्के, पण आयएएसमध्ये 3 टक्के आणि रेल्वेत 4.5 टक्के, असं त्यात लिहिलंय. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

घोडं अडतं ते अटींपाशी. 2008-09 मध्ये अल्पसंख्याकबहुल अशा 90 मागास जिल्ह्यांसाठी खास विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा. मालेगाव नाही! कारण मालेगाव नाशिक जिल्ह्यात, आणि हिशोब अख्ख्या जिल्ह्याचा. अ‍ॅव्हरेज काढलं की टोकाची रीडिंग्ज दिसत नाहीत, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच कळतं. जिल्ह्याऐवजी तालुके आणि शहरं मोजायची हे सरकारला 2013 मध्ये सुचलं.

आता रूममेटच्या भाईजानची गोष्ट. ते दुसऱ्याच्या कारखान्यात पॉवरलूम चालवतात. मजुरी मीटरवर. लाइट गेली की मीटर थांबला, मजुरीही थांबली. स्वतःचे दोन सेकंडहँड लूम घ्यायचे म्हणून त्यांनी एका महामंडळाकडे कर्जाचा अर्ज केला. कागद सगळे जमले. शेवटी अट आली, जामीनदार सरकारी नोकर हवा, नाहीतर घर-जमीन तारण द्या. घर भाड्याचं. आणि सरकारी नोकर? अख्ख्या गल्लीत एक निघाला, तो आधीच दोघांना जामीन राहिलेला.

म्हणजे एक सरकारी अहवाल म्हणतो यांच्यात सरकारी नोकर कमी, आणि सरकारी फॉर्म म्हणतो सरकारी नोकर आणा. हे दोन कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत का?

पैसा जनतेचा आहे, बुडता कामा नये, हे मलाही मान्य. पण बाईकचं लोन कसं मिळतं? बाईकच तारण असते. मग लूम का नको? बचत गटातल्या बायका एकमेकींच्या भरवशावर कर्ज घेतात, तसं चार विणकरांनी मिळून घेतलं तर काय बिघडेल?

माझे बाबा सरकारी नोकरीत आहेत. रूममेटनं मला कधीच विचारलं नाही. मीच घरी फोन केला. बाबा म्हणाले, "ओळख ना पाळख, जामीन कसं राहायचं? बघू, विचार करतो." त्यांचंही अगदी चूक म्हणता येत नाही मला. अर्जाची मुदत महिनाअखेर होती. ती संपली. भाईजान अजून त्याच कारखान्यात आहेत, आणि मी फोन केला होता हे मी रूममेटला अजून सांगितलेलं नाही.