स्कूटीचा पट्टा अकाली का झिजतो?

कोंढ्यासारख्या गावात स्कूटी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलींचे पवनीचे कॉलेज, अम्मीचा दवाखाना, आठवडी बाजार, रोवणीच्या दिवसांत बांधीवर डबा पोहोचवणे, सगळे तिच्यावरच चालते. सर्व्हिसिंग म्हटले की आपण ऑइल बदलतो, ब्रेक पाहतो, टायरमध्ये हवा भरतो. डाव्या झाकणाखालचा पट्टा मात्र तुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही त्याच्याविषयी लिहायचे ठरवले.

भारतात बिनगिअरची स्कूटर १९८४ साली कायनेटिक होंडाने आणली. २००१ मध्ये आलेल्या अ‍ॅक्टिव्हाने ती खेडोपाडी पोहोचवली. गिअर बदलण्याचे काम या गाड्यांत रबरी पट्टा करतो. तो दोन पुल्यांवर फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. चिखल-वाळूत चालणाऱ्या चारचाकी ए.टी.व्ही. गाड्यांतही बहुधा असाच पट्टा असतो, आणि तो लवकर जाण्याची कारणेही हीच असतात.

हा पट्टा पुलीला घट्ट धरून फिरला तर बरेच दिवस टिकतो. घसरू लागला की घर्षणाने तापतो, तापला की रबर कडक होते, त्याला तडे जातात. म्हणजे पट्ट्याचा खरा वैरी किलोमीटर नव्हे, उष्णता आहे. आपल्याकडे मे महिन्यात आधीच अंगाची लाही होते. त्यात झाकणाखाली काय होत असेल, याचा अंदाज करा.

ही उष्णता बरीचशी आपल्या सवयींतून येते. तिघे बसायचे आणि पायाशी धानाचा कट्टा ठेवायचा, ही पहिली सवय. मुक्या जनावरावर त्याला पेलेल एवढाच भार घालावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. यंत्रालाही तोच न्याय लावावा. दुसरी सवय पांदण रस्त्यावरची. चाक चिखलात रुतले की आपण मूठ पिळत राहतो. गाडी जागची हलत नाही, आत पट्टा आणि क्लच दोन्ही तापतात. अशा वेळी मागच्याने उतरावे, हाताने रेटा द्यावा आणि मूठ हळूहळू फिरवावी. चढावर थांबायचे असेल तर ब्रेक धरा. मूठ अर्धी पिळून गाडी तोलू नका.

तिसरे कारण पाणी आणि धूळ. पुढच्या पुलीवरची पंख्यासारखी पाती आत हवा खेळवतात. हवेची वाट चिखलाने बुजली की पट्टा गुदमरतो. गाडी धुताना जोराचा फवारा त्या झाकणावर मारू नका. पुराच्या पाण्यातून आल्यावर गाडी घसरल्यासारखी ओढत असेल, तर मूठ न पिळता थांबा आणि झाकण उघडून आतले कोरडे करून घ्या.

चक्कीचा पट्टा घसरला की त्याला राळ लावायची जुनी रीत होती. इथे ती चालत नाही. स्कूटीच्या पट्ट्याला तेल, ग्रीस, राळ, काहीच लावायचे नाही. सीलमधून ऑइल गळत असेल तर आधी ते बंद करावे, नाहीतर नवा पट्टाही वाया जाईल. एकामागून एक पट्टे लवकर जात असतील तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. झिजून चपटे झालेले रोलर, खडबडीत झालेली पुली, अडकणारा क्लच, हे सगळे मेकॅनिककडून तपासून घ्या.

पट्टा तुटण्याआधी बहुतेक वेळा इशारा देतो. निघताना गाडी थरथरते, इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळक्या रबराचा वास येतो. पट्टा झिजून अरुंद झाला की वरचा वेगही कमी होतो. यातले काही दिसले तर झाकण उघडून घ्या. तडे, सुटलेले दोरे, काचेसारखी चकाकी आणि पट्ट्याची रुंदी पाहा. रुंदी किती उरली की पट्टा बदलायचा आणि किती किलोमीटरला बदलायचा, दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. नवा पट्टा त्याच मॉडेलचा घ्या. त्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने बसवा. पहिले काही दिवस गाडी सबुरीने चालवा.

एवढ्या छोट्या वस्तूवर एवढे का लिहावे? पट्टा तुटला की इंजिन चालू राहते, चाक फिरत नाही. संध्याकाळी पवनीहून परतणारी मुलगी वाटेत अडकते. मग घरात चर्चा पट्ट्याची होत नाही, तिच्या कॉलेजची होते. “उद्यापासून राहू दे,” असे कुणीतरी म्हणून जाते. काहीशे रुपयांच्या रबरापायी एका मुलीचे शिक्षण अडावे, यासारखा इसराफ दुसरा नाही.

म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला भाईजानला एकट्याला पाठवू नका. गाडी जी चालवते तिलाही सोबत न्या, तिच्यासमोर झाकण उघडायला सांगा, पट्टा तिच्या हातात द्या. गाडी ही अमानत आहे. तिच्या आत काय आहे, हे चालवणारीला ठाऊक असलेच पाहिजे.