मनाचंच आहे म्हणे!

परवा फोनवर बोलता बोलता आईला सांगून बसलो, की पोटदुखीवर मी रोज वीस मिनिटं डोळ्यांना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा डबा बांधून बसतो. दोन सेकंद शांतता. मग स्पीकरवरून मामा: "म्हणजे मनाचंच होतं ना? तरी मी सांगत होतो!"

इथेच माझी सटकते.

मला क्रोन्स आहे. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी इथे अमेरिकेत निदान झालं. आतड्यातले व्रण फोटोत बघितलेत. औषधांनी सूज उतरली, दुखणं नाही. असं पुष्कळांचं होतं. सूज असताना आतड्याच्या नसा इतक्या हळव्या होतात, की नंतर नुसता गॅस सरकला तरी मेंदूत बोंब उठते. कोलोनोस्कोपीत हे दिसत नाही. दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असं मानणारे मामा इथेही भेटतात, पांढऱ्या कोटातले. एकाने रिपोर्ट बघून हसत पाठीवर थाप मारली होती.

बरं, गोळ्या घ्याव्यात तर आयबुप्रोफेन आतड्यालाच बाधू शकतं, आणि अफूच्या जातकुळीतली औषधं फार दिवस घेतली तर कधी कधी पोटदुखीच वाढवतात. मग माणसाने करायचं काय?

वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर व्हीआरचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच 'स्नोवर्ल्ड' आलं. जखमा साफ करताना रुग्ण डब्यातल्या बर्फाळ दरीत पेंग्विनना बर्फाचे गोळे मारत बसतो. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते. आता मामा, तूच सांग, त्यांची जळलेली कातडी मनाची होती का रे?

वेदना कुठलीही असो, जाणवते मेंदूतच. तिथे उपाय लागू पडला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

अर्थात डबा विकणाऱ्यांचंही ऐकू नका. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा एका उपचाराला परवानगी दिली ती जुनाट कंबरदुखीसाठी. आतड्याच्या रुग्णांवरचे अभ्यास अजून छोटे आहेत. डब्याने सूज उतरत नाही, माझं इंजेक्शन चालूच आहे. दहापैकी सातवरचं दुखणं चारवर येतं, तेही रोज नाही. पण चारवर मला काम करता येतं, सातवर नाही.

हे सगळं मामाला ऐकवलं. तो गप्प. आईने विचारलं, "जड असतो का रे तो डबा?"

अर्धा किलो. मान दुखते. तिला सांगितलं नाही.