विश्लेषण : जायकवाडीचे पाणी मोजले जाते, मग वाद का मिटत नाही?

दसरा-दिवाळीच्या सुमारास गोदावरी खोऱ्यात पाण्याचा वाद उभा राहतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात ठरले. त्यामागे २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे कलम आहे, मेंढेगिरी समितीचा अभ्यास आहे. टक्के ठरलेले, तक्ते तयार. तरीही तुटीच्या वर्षी आंदोलने चुकत नाहीत आणि कोर्टाच्या पायऱ्याही.

आकडे वादग्रस्त आहेत, हे एक कारण झाले. पण पाण्याबद्दल लोकांच्या डोक्यात जो हिशेब असतो, तो वाटपाच्या तक्त्यात कुठेच येत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

डोक्यातला हिशेब कागदावर कसा येतो?

बार्ट कोस्को यांनी १९८६ मध्ये ‘फझी कॉग्निटिव्ह मॅप’ ही पद्धत मांडली. सोप्या भाषेत, धारणांचा नकाशा. शेतकरी, पाणी वापर संस्थेचा पदाधिकारी, टँकरची वाट पाहणारी बाई, कालवा निरीक्षक यांना वेगवेगळे बसवून विचारायचे: पाणी कशाने कमी होते, कशाने टिकते? प्रत्येक कारणाला एक वर्तुळ, एकातून दुसऱ्याकडे बाण आणि बाणाला उणे एक ते अधिक एक यांमधले वजन. मग संगणकावर एखादे वर्तुळ बदलून बघायचे. ऊस निम्मा केला, तर या माणसाच्या नकाशात काय काय हलते?

जायकवाडीबाबत असे नकाशे काढले तर काय दिसेल, याचा माझा अंदाज सांगतो. ‘पाणी सोडले’ या वर्तुळातून वरच्या शेतकऱ्याचा बाण वाळलेल्या द्राक्षबागेकडे जाईल, पैठणखालच्या शेतकऱ्याचा हाती लागलेल्या रब्बीकडे. हे अपेक्षितच. पण वाटेत मुरलेल्या पाण्याचे काय? वरचा म्हणेल, वाया गेले. नदीकाठच्या विहिरीवाल्याला तेच पुनर्भरण वाटेल. अभियंत्याच्या तक्त्यात मात्र तो ‘वहनव्यय’, म्हणजे नुसता एक आकडा. उसाची गोष्ट तर मजेशीर आहे. तो दोन्हीकडे उभा आहे, पण दोघांच्या नकाशात फक्त पलीकडचाच दिसेल!

अर्थात नकाशा न्याय करत नाही. कुणाला बोलावले, यावर तो ठरतो. सातबारावर नाव नसलेल्या शेतमजूर बाईला बोलावलेच नाही, तर तिची घागर नकाशात येणार कुठून?

म्हणून प्राधिकरणाने हे काम ऑक्टोबरच्या धामधुमीत नव्हे, तर जून-जुलैत, धरणे भरायची असताना हाती घ्यावे. वरची चार गावे, खालची चार आणि धरणावर अवलंबून असलेले छत्रपती संभाजीनगर शहर. निदान पुढच्या सुनावणीत वहनव्ययाच्या रकान्यासमोर कुणाची विहीर भरली, हेही लिहिलेले असेल.