उठल्याबरोबर अंधारी येते, ती कशाने?

सोयाबीनच्या निंदणाला पात धरून बसलेल्या बाया पाहाव्यात. सकाळपासून उकिडवे बसून पात पुढे सरकत असते. जेवणाची हाक आली की सगळ्या उठतात आणि त्यातली एखादी कपाळाला हात लावून जागच्या जागी थांबते. विचारले तर म्हणते, "काही नाही, जराशी अंधारी आली." कोणी म्हणतो अशक्तपणा, कोणी म्हणतो पित्त, कोणी नजर लागली म्हणतो. संध्याकाळी एक सलाईन लावून घेतली की विषय संपला. दोनशे-चारशे रुपये गेले, कारण मात्र तिथेच राहिले.

खत-बियाण्याच्या माणसाने दवाखान्याच्या गोष्टीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण ही अंधारी दवाखान्यात येत नाही, ती शेतात येते. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर येते, मळणीयंत्राच्या तोंडाशी येते, कडब्याच्या गंजीवर येते. तिथे दोन सेकंदांचा तोल गेला तरी माणूस हातचा जातो. म्हणून हे लिहिणे.

मुळात होते काय? माणूस बसल्याचा उभा झाला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरते. निरोगी शरीर लगेच शिरा आवळते, हृदय जरा जोराने चालवते आणि डोक्याला रक्त पोचते. मोटारीने पाणी चढवावे तसेच हे आहे. विहिरीत पाणी कमी असले, पाइप ढिला झाला किंवा मोटारच दमली, तर वरच्या वावरात पाणी पोचणार कसे?

पहिले कारण म्हणजे विहिरीतच पाणी कमी. उन्हात घाम जातो, हगवण-उलटीत पाणी जाते आणि आपण प्यालेले असते एक तांब्या. बायांचे दुखणे तर आणखी वेगळे आहे. शेतात आडोसा नाही, म्हणून कित्येक जणी सकाळपासून मुद्दामच पाणी पीत नाहीत. हे त्या बोलून दाखवत नाहीत, पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अशी अंधारी हा नुसता आजार नाही, ती गावाची गैरसोय आहे.

दुसरे कारण रक्त पातळ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पुरुषाचे 13 च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. गरोदरपणी ही रेघ 11 वर आहे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. या गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकते. शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरे कारण औषधे. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, म्हाताऱ्या माणसांना लघवी अडते म्हणून दिलेल्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी उठताना दाब उतरू शकतो. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या प्राझोसिनचा उपयोग करून अनेकांचे जीव वाचवले, ती गोळी घेतलेल्यालाही एकदम उभे करायचे नसते, ते याचमुळे. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. डॉक्टरला सांगावे, तो मात्रा किंवा वेळ बदलून देईल. दारूनेही दाब उतरतो, हे वेगळे सांगायला नको.

जुना मधुमेह असला तर शिरा आवळणाऱ्या नसाच मंदावतात. म्हातारपणी हा वेग तसाही कमी होतो. हृदयाचे ठोके बिघडले असतील तरीही असेच होते. मात्र अंथरुणात कूस बदलली तरी घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर ते बहुधा कानाच्या आतल्या भागाचे दुखणे असते. त्याचा इलाज वेगळा.

फवारणीच्या दिवसांतली चक्कर मात्र यात मोजू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. चक्करीसोबत मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणे, हातपाय थरथरणे यातले काही असेल तर पंप तिथेच उतरवा. कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा. डबा पाहिला की डॉक्टरला विष ओळखता येते. घरी दूध-ताक पाजत वेळ घालवू नये.

नेहमी अंधारी येणाऱ्याने उपकेंद्रात जाऊन रक्तदाब दोनदा मोजून मागावा. आधी पाच मिनिटे आडवे पडून आणि मग उभे राहून, पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरला दाखवावे. याला पैसा लागत नाही, फक्त मागावे लागते.

निंदणावरून उठताना आधी बूड टेकून बसा, पायाची बोटे दहा वेळा हलवा, मग उठा. अंधारी आलीच तर लाज न धरता खाली बसा. कोणी पडला तर त्याला सावलीत आडवा करून पाय उंच करा. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका. हगवण लागली असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. चमचा चहाचाच घ्यावा. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एक बाजू लुळी पडणे किंवा पूर्वसूचना न देता शुद्ध हरपणे असे काही झाले तर 108 ला फोन करा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायतीला दोन शब्द. कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी चार बांबू व एका ताडपत्रीचा आडोसा, याला मोठा निधी लागत नाही. रस्त्याकडेच्या विहिरींना कठडे घालायला गावाने मनावर घेतले तर होते. जे शेतकरी मजूर लावतात त्यांनीही दुपारचा तास सोडावा आणि पाण्याचा माठ बांधावर ठेवावा. मजुरी उक्ती दिली म्हणून माणूस उक्ता घेतलेला नसतो.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नालीसोबत हा विषयही निघू द्या. बाया बोलणार नाहीत, तर त्यांच्या वतीने कोणीतरी बोला.