संगीत नाटक मंडळी: जिल्ह्यातील गायक, वादक व नटांचे मागणीपत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, अहिल्यानगर
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय: जिल्ह्यात कायमस्वरूपी संगीत नाटक मंडळी उभी करण्याबाबत.

महोदय,

जिल्ह्यातील भजनी मंडळे, कीर्तनकार, चर्चमधील गायकवृंद, तमाशा कलावंत, शाळांतील संगीत शिक्षक आणि हौशी नट यांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. यातील बऱ्याच गोष्टी आम्ही याआधी तोंडी मांडल्या, अर्जही केले. तेव्हा आश्वासने मिळाली. आता मुदत, रक्कम आणि अटींसह लेखी निर्णय हवा आहे.

आमची भूमिका

31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात त्याच्याशी नाते सांगणारा, पण गद्य आणि पद्य दोन्ही सांभाळणारा आपला नाट्यप्रकार तेव्हापासून रुजला. तो मंडळ्यांनी वाढवला. मंडळीत मुलगा लहानपणी दाखल होई, आधी कोरसात उभा राही, तालमी ऐकत शिके आणि तयार झाला की भूमिका मिळवी. मंडळ्या गेल्या तशी शिकण्याची ही वाटही बंद झाली.

अहिल्यानगर जिल्ह्यात गळ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे. पठ्ठे बापूरावांच्या बरोबरीने तमाशाचा फड गाजवणारी पवळा हिवरगाव पावसा गावची. दासगणू महाराजांचा जन्म अकोळनेरचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन इथेच रुजवले. मराठी बोलपटाच्या पहिल्या पिढीतील गायक नट शाहू मोडक अहिल्यानगर शहरात जन्मले, आणि सदाशिव अमरापूरकरही इथलेच. गुणी माणूस इथे घडतो आणि नाव कमवायला पुण्या-मुंबईची एसटी धरतो. आमच्या सभासदांनाही संगीत नाटकात काम करायचे तर जिल्ह्याबाहेर जावे लागते. ज्याला भाडे आणि राहणे परवडत नाही, तो हरिनाम सप्ताहात गातो आणि तिथेच थांबतो.

हे बदलता येते. रत्नागिरीत ‘खल्वायन’सारखी संस्था हौशी कलावंतांना घेऊन संगीत नाटके उभी करते. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरीच नाटके बसवतात. इंग्लंडमध्ये 1958 साली बेंजामिन ब्रिटन यांनी नोहाच्या महापुरावर रचलेला ऑपेरा ऑर्फर्ड गावाच्या चर्चमध्ये झाला. त्यात मोजके व्यावसायिक गायक होते, बाकी शाळेतली मुले होती, आणि ठरावीक जागी प्रेक्षकही गात होते. पावसाच्या थेंबांचा आवाज दोरीवर टांगलेल्या कपांतून काढला होता. थोडे जाणकार आणि भरपूर गावकरी, हाच हिशेब आम्हीही धरला आहे.

मागणी 1: तालमीची हक्काची जागा

जिल्ह्याचे क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर, तालुके 14. अकोल्याची मुलगी जामखेडच्या तालमीला रोज येऊ शकत नाही. म्हणून अहिल्यानगर शहरात मुख्य केंद्र आणि संगमनेर, श्रीरामपूर व कर्जत येथे उपकेंद्रे द्यावीत. नवीन इमारत नको. शाळेचे सभागृह किंवा समाजमंदिर आठवड्यातून 5 दिवस, सायंकाळी 6 ते 9, किमान 3 वर्षांच्या लेखी कराराने मिळावे. वीजबिल व साफसफाई मंडळी पाहील.

मागणी 2: शिक्षक आणि विद्यार्थिवेतन

नाट्यपद नुसते सुरात म्हणून भागत नाही. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, ताना घेताना भूमिका सुटता कामा नये. हे समोर बसूनच शिकावे लागते. गायन, ऑर्गन व तबला साथ, आणि अभिनय यांसाठी 3 शिक्षक नेमावेत, प्रत्येकी मासिक मानधन 30,000 रुपये.

12 ते 30 वयोगटातील 40 विद्यार्थ्यांना मासिक 2,000 रुपये द्यावेत. प्रत्येक तालुक्यातून 2, असे 28, आणि उरलेले 12 गुणवत्तेवर. निम्म्या जागा मुलींच्या. निवड खुल्या चाचणीने होईल. शिफारसपत्र चालणार नाही.

मागणी 3: वाद्ये व नेपथ्य

ऑर्गनशिवाय संगीत नाटक उभे राहत नाही, आणि असे वाद्य एकट्या विद्यार्थ्याला घेणे झेपत नाही. 2 ऑर्गन, 4 पेट्या, 3 तबलाजोड, पडदे आणि कपडेपट यांसाठी एकदाच 6 लाख रुपये मिळावेत. प्रत्येक वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत राहील आणि मालकी शासनाची असेल.

मागणी 4: दर वर्षी एक निर्मिती, 14 प्रयोग

प्रत्येक तालुक्यात वर्षाला एक प्रयोग झालाच पाहिजे. निर्मितीसाठी 4 लाख आणि प्रयोगामागे 40,000 रुपये, म्हणजे 14 प्रयोगांचे 5 लाख 60 हजार द्यावेत.

पहिल्या वर्षी किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ (1882), दुसऱ्या वर्षी देवलांचे ‘संगीत शारदा’ (1899). लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो; किर्लोस्कर 1885 मध्ये आणि देवल 1916 मध्ये गेले. त्यामुळे दोन्ही संहितांचे मानधन द्यावे लागणार नाही. ‘शारदा’तील, म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट गावोगाव दाखवण्याची गरजही संपलेली नाही.

तिसऱ्या वर्षी अनंत फंदींवर नवे नाटक. जामखेड तालुक्यातील चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून अनंत फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. लावणी, फटका आणि कीर्तन एकाच माणसाच्या तोंडी शोभेल असा दुसरा विषय कुठला? लेखक आणि संगीतकार जिल्ह्यातलेच असतील.

मागणी 5: नाट्यगृह आणि परवानग्या

शासकीय व निमशासकीय सभागृहे वर्षाला 12 दिवस निम्म्या भाड्यात द्यावीत. यापुढे कोणत्याही सभागृहाची बांधणी किंवा दुरुस्ती करताना आवाजाची चाचणी नटांच्या उपस्थितीत व्हावी. पंख्यांच्या घरघरीत पद ऐकू येत नसेल तर खुर्च्या कितीही मऊ असून उपयोग नाही.

संहितेचे परिनिरीक्षण प्रमाणपत्र, पोलीस परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी यांसाठी एकच अर्ज आणि 15 दिवसांची मुदत असावी. रात्री 10 ची मर्यादा आम्हाला मान्य आहे. प्रयोग 6.30 ला सुरू होईल आणि पदांची काटछाट करून वेळेत संपेल.

मागणी 6: ज्येष्ठ कलावंतांचा मान

तमाशातील ढोलकीवाले, भजनातील पखवाजी आणि जुने पेटीवादक यांना अतिथी शिक्षक म्हणून दर सत्राला 1,500 रुपये द्यावेत. ही रक्कम मागणी 2 मधील तरतुदीतून, नियमित तासिका तेवढ्या कमी करून भागवू. ज्येष्ठ कलावंतांना शासनाच्या योजनेतून मिळणारे मासिक 5,000 रुपयांचे मानधन, या कमाईमुळे उत्पन्न वाढले असे सांगून बंद करू नये. तसे स्पष्ट परिपत्रक काढावे.

खर्च आणि आमचा वाटा

पहिल्या वर्षाचा खर्च असा: शिक्षक 10 लाख 80 हजार, विद्यार्थिवेतन 9 लाख 60 हजार, वाद्ये व नेपथ्य 6 लाख, निर्मिती 4 लाख, प्रयोग 5 लाख 60 हजार. एकूण 36 लाख. दुसऱ्या वर्षी वाद्यांचा खर्च नाही, म्हणून 30 लाख. तिसऱ्या वर्षी शासनाकडून 24 लाख, उरलेले 6 लाख आम्ही उभे करू. शासनाचा तीन वर्षांचा वाटा 90 लाख. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 45,43,159 आहे. सर्वांत खर्चाच्या वर्षीही हा भार माणशी 80 पैशांच्या आत आहे.

आमचे 6 लाख कुठून येतील, तेही सांगतो. 600 सभासद, प्रत्येकी 500 रुपयांचा भाग, म्हणजे 3 लाख. 100 रुपये तिकीट आणि सरासरी 300 प्रेक्षक धरले तर 14 प्रयोगांचे 4 लाख 20 हजार. बेरीज 7 लाख 20 हजार होते. म्हणजे काही प्रयोग कमी भरले तरी शब्द पाळता येईल.

भागभांडवलाची मंडळी ही कल्पना नवी नाही. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली ती बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांच्या भागीदारीत. आणि प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी भाग गोळा करून साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्याला सहकार समजावून सांगण्याची गरज नाही. मंडळीची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली केली जाईल.

आम्ही स्वीकारत असलेल्या अटी

1. हिशेबांचे दर वर्षी लेखापरीक्षण होईल आणि अहवाल प्रत्येक केंद्राच्या फलकावर लागेल.
2. 14 पैकी जेवढे प्रयोग होणार नाहीत, तेवढ्यांचे अनुदान वर्षअखेरीस परत जमा केले जाईल.
3. 7 जणांच्या देखरेख समितीत शासनाचे 2 प्रतिनिधी असतील, पण नाटक आणि नट निवडण्याचा अधिकार कलावंतांकडेच राहील.
4. तीन वर्षांनंतर विद्यार्थिवेतनाखेरीज कोणतेही अनुदान मागणार नाही.

मुदत

या पत्राचे लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे. तालमीच्या जागांचा निर्णय 60 दिवसांत व्हावा आणि निधीची तरतूद येत्या जिल्हा वार्षिक योजनेत दिसावी. एखादी मागणी अमान्य असेल तर कारण लेखी कळवावे. दुरुस्तीसह नवा प्रस्ताव आम्ही 15 दिवसांत देऊ.

5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. मंजुरीनंतर येणाऱ्या पहिल्या रंगभूमी दिनी ‘सौभद्र’ची नांदी अहिल्यानगरच्या रंगमंचावर होईल, ही जबाबदारी आमची. जागा, शिक्षक आणि निधी ही जबाबदारी आपली.

आपले,
जिल्ह्यातील गायक, वादक व नट कलावंतांच्या वतीने
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य