स्वतःच्याच घरात शिरायला बोगदा

घरच्या जुन्या लॅपटॉपवर माझे फोटो आहेत. ते ऑफिसातून पाहायचे तर आधी दुसऱ्या शहरात एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा. लॅपटॉपने त्याला एसएसएचने जोडून लाइन धरून ठेवायची, आणि मी त्याच लाइनवरून उलटं घरी यायचं. याला रिव्हर्स टनेल म्हणतात. आमच्या धंद्यात त्याचं फार कौतुक. मला ते खटकतं.

आयपीव्ही४चे पत्ते सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठा २०११च्या फेब्रुवारीत संपला, आणि कंपन्यांनी अनेक घरं एकाच पत्त्यामागे कोंबली. राउटरला १००.६४ ते १००.१२७मधला पत्ता मिळाला असेल तर समजा, तुमच्या दाराला नंबरच नाही. बाहेर जाता येतं, पाहुण्याला येता येत नाही.

मग 'फुकट, सुरक्षित' टनेलवाले येतात. त्यातल्या अनेकांकडे टीएलएसचं कुलूप तुमच्या नव्हे, त्यांच्या दारात उघडतं. ते तुमचे फोटो पाहतातच असं नाही, पाहू शकतात. याला सुरक्षित कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एसएसएच मुळात उलटा पोर्ट फक्त त्या सर्व्हरपुरता उघडतो. तो जगाला खुला करायला 'गेटवेपोर्ट्स' मुद्दाम बदलावं लागतं, आणि ट्यूटोरियलं ती ओळ बिनधास्त चिकटवायला सांगतात. ती चिकटवू नका. आधी स्वतःच्या किल्लीने सर्व्हरवर या, मग घरी.

आयपीव्ही६मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही. तरी माझी इंटरनेट कंपनी तिथेही बाहेरून येणारं कनेक्शन अडवते. कस्टमर केअरला कारण विचारलं. म्हणाले, "सर, स्टॅटिक आयपीचा वेगळा प्लॅन आहे."