जंगलाचं दार आणि शिंगवाले निर्वासित

बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम ३ ऑगस्ट २०२३ ला आला आणि तेव्हापासून मी त्यात साधारण २५ तास घालवले आहेत. एवढ्या वेळात गेमची ओळख होते, पक्कं मत होत नाही. तीन अंकांपैकी पहिल्या अंकातूनच मी अजून बाहेर पडलेलो नाही. तरीही लिहायला बसलो, कारण ह्या पहिल्या अंकात एक दार आहे, ते बंद करायचं घाटतंय, आणि त्या दाराबद्दल मला बोलायचं आहे. ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांना आधीच सांगतो, पुढे पहिल्या अंकातली बरीच गुपितं फुटणार आहेत.

गेम न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं. तिलिस्म, अय्यार, देव, परी यांच्या दास्तानी ऐकत किंवा हातिमताई, गुलबकावली वाचत जे मोठे झाले त्यांना यात परकं काही वाटू नये. फरक एवढाच की इथे दास्तानगोला मध्येच थांबवून 'थांबा, मी त्या दरवाजाने जाणार नाही' असं म्हणता येतं. त्याच खेळाच्या दुनियेवर बाल्डर्स गेटचा पहिला कॉम्प्युटर गेम १९९८ मध्ये आला, दुसरा २००० मध्ये. तिसऱ्याला तब्बल २३ वर्षं लागली आणि तो बनवला बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने. पहिला अंक त्यांनी ऑक्टोबर २०२० पासूनच कच्च्या स्वरूपात विकायला ठेवला होता. लोक तो खेळत होते, चुका दाखवत होते. त्यामुळे हा भाग घासूनपुसून लख्ख झालेला आहे.

दिसायला गेम सुंदर आहे, संवाद उत्तम बोलले आहेत, लढाया बुद्धिबळासारख्या एकेका चालीने चालतात. याबद्दल इंग्रजीत ढिगाने लिहून आलंय, मी त्यात भर घालत नाही.

कथा अशी. तुमच्या डोळ्यातून मेंदूत एक अळी सोडली गेली आहे. ती काढली नाही तर तुमचा राक्षस होणार. इलाज करणारा कुणी भेटेल म्हणून तुम्ही जंगलातल्या ड्रुइडांच्या वस्तीवर पोचता. ड्रुइड म्हणजे निसर्गाची उपासना करणारे लोक. वस्तीला लाकडी दार आहे आणि दारावर लढाई चालू आहे. आत गेल्यावर कळतं की ड्रुइडांखेरीज इथे आणखी काही लोक मुक्कामाला आहेत: टिफलिंग. ह्यांना शिंगं आहेत, शेपटी आहे, कातडी कुणाची लाल, कुणाची जांभळी. पूर्वजांपैकी कुणाच्या तरी रक्तात नरकाचा अंश आला, तो पिढ्यान् पिढ्या चेहऱ्यावर उमटत राहिला. स्वतः त्यांनी काही केलेलं नाही.

हे लोक एल्टुरेल शहराचे रहिवासी. ते अख्खं शहर एकदा नरकात ओढलं गेलं होतं. ही हकीकत २०१९ साली छापलेल्या 'डिसेंट इन्टू अव्हर्नस' या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकात आहे. सैतानाशी करार केला होता शहराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, थेव्हियस क्रीगने. तो माणूस, म्हणजे मनुष्यजातीचा. शिंगं नाहीत, शेपटी नाही, अंगावर धर्माचा झगा. शहर परत जमिनीवर आलं तेव्हा हिशेब कुणाकडून चुकता केला गेला? टिफलिंगांकडून. नरक म्हटलं की शिंगं आठवतात आणि शिंगं तर यांच्या डोक्यावर आहेत, एवढा पुरावा शहराला पुरला. त्यांचा म्होरक्या झेव्हलर त्याच एल्टुरेलचा घोडेस्वार सैनिक होता. शहरासाठी लढलेला माणूस आता पोरंबाळं, म्हातारे घेऊन बाल्डर्स गेटच्या वाटेवर आहे आणि मध्येच या जंगलात अडकला आहे.

आता दाराकडे येऊ. ड्रुइडांचा प्रमुख हॅलसिन याने या लोकांना आसरा दिला होता. तो गॉब्लिनांच्या तावडीत सापडला आणि त्याच्या जागी आली कागा. तिचं म्हणणं सरळ आहे. वस्तीत जागा थोडी, अन्न थोडं, बाहेर गॉब्लिन फिरताहेत, आणि हे पाहुणे आल्यापासूनच संकट आलं. उपाय म्हणजे काट्यांचा विधी करायचा, सगळी वस्ती काटेरी वेलींनी कायमची बंद करायची आणि टिफलिंगांना त्याआधी बाहेर काढायचं.

गंमत पाहा. मी दारावर पोचलो तेव्हा गॉब्लिनांना मागे घेऊन कोण पळत आलं होतं? ॲरडिन नावाच्या माणसाची भाडोत्री टोळी. एका पडक्या देवळातल्या खजिन्याच्या मागे हे लोक गेले, तिथे मार खाल्ला आणि जीव वाचवायला थेट वस्तीच्या दाराशी आले. झेव्हलर त्याबद्दल त्याला जाब विचारतो, तर ॲरडिन त्याला रक्तावरून शिवी देतो. वस्तीतल्या चर्चेत मात्र ॲरडिनचं नाव निघत नाही. गॉब्लिन आले ते 'बाहेरच्यांमुळे', आणि बाहेरचे म्हणजे शिंगवाले. हा सगळा प्रकार गेम कुठेही मोठ्याने सांगत नाही. तुम्ही चार लोकांशी बोललात तर तो आपोआप जुळत जातो, नाही बोललात तर सुटून जातो. मला गेममधलं सगळ्यात जास्त हेच आवडलं.

आतली माणसं कागासारखी कठोर नाहीत. कुणाला वाईट वाटतंय, कुणी नजर चुकवतोय, कुणी म्हणतो निर्णय वरून झाला, आम्ही काय करणार. पुण्यात भाड्याने घर शोधत असताना एका एजंटाशी फोनवर पाच मिनिटं छान गप्पा झाल्या होत्या. डिपॉझिट ठरलं, संध्याकाळी घर बघायचं ठरलं. शेवटी त्याने नाव विचारलं. मग म्हणाला, 'सर, माझं पर्सनली काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत.' वर 'तुमचं मराठी मात्र एकदम छान आहे' हेही. त्यात द्वेष नव्हता, याची मला आजही खात्री आहे. त्याला पुढचा फोन घ्यायचा होता. गेममधल्या त्या ड्रुइडांशी बोलताना हाच सूर कानावर आला आणि बेल्जियममध्ये बसून कुणीतरी तो बरोबर पकडलाय याचं नवल वाटलं.

मग अराबेलाचा प्रसंग येतो. ही टिफलिंगांची लहान मुलगी. विधी थांबावा म्हणून तिने ड्रुइडांच्या देवाची मूर्ती चोरली आणि पकडली गेली. कागाने तिच्यासमोर आपला साप उभा केला आहे. आईबाप बाहेर ताटकळत आहेत. तुम्ही मध्ये बोलू शकता, पण बोलणं पटतं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पडद्यावर फासा गरगर फिरतो. तुमचा मुद्दा कितीही बिनतोड असो, आकडा कमी पडला की मुद्दा पडला. माझा कमी पडला. साप चावला. मुलगी खाली पडली आणि आता तिच्या आईबापाला सांगायचं कुणी, हा प्रश्न माझ्यापुढे आला.

मी एफ ८ दाबलं, म्हणजे आधी जतन केलेल्या जागी परत गेलो, पुन्हा फासा टाकला, मुलगी वाचली. जुने खेळाडू याला रडीचा डाव म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की फासा जे देईल ते स्वीकारून पुढे जाण्यातच खरी मजा. लढाईत, कुलूप उघडताना, खिसा कापताना मला ते मान्य आहे. इथे नाही. एका पोरीचा जीव फाशावर ठेवणं हे कथेतल्या वस्तीचं वर्णन म्हणून अगदी चपखल आहे, पण म्हणून मी ते मजा समजून स्वीकारावं असं काही नाही. शिवाय एफ ८ चं बटण गेमनेच दिलंय.

इथवर सगळी स्तुती झाली. पण दोन गोष्टी खटकल्या आणि दोन्ही लहान नाहीत.

पहिली कागाबद्दल. तुम्ही नीट शोधाशोध केलीत तर वस्तीत एक चिठ्ठी सापडते, ती तुम्हाला दलदलीतल्या एका झाडापाशी नेते आणि तिथे पुरावा मिळतो की कागाने 'शॅडो ड्रुइड' नावाच्या जहाल पंथाशी गुप्त संधान बांधलं आहे. तो तिच्यापुढे ठेवला की ती एक तर लढते, किंवा तुम्ही समजूत घातलीत तर वळते आणि तुमच्या बाजूने उभी राहते. नाट्य म्हणून झकास. पण त्याने झालं काय? दार बंद करायची बुद्धी बाहेरून आली, एका कटातून आली, असं ठरलं. कट उघडा पडला की वस्ती शुद्ध. ज्यांनी मान खाली घालून विधीचे मंत्र म्हटले त्यांना कुणी काही विचारत नाही. माझ्या अनुभवात असं कुठलंही झाड नसतं ज्याच्या ढोलीत कटाचं पत्र सापडेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठराव होतो, त्यावर सह्या होतात, चहा येतो. लॅरियनच्या लेखकांनी कागाला कटाशिवाय तशीच ठेवली असती, जागा थोडी आणि भीती खरी एवढ्याच भांडवलावर, तर ती फार मोठी व्यक्तिरेखा झाली असती.

दुसरी गोष्ट गॉब्लिनांची. टिफलिंगांना वाचवायचं तर गॉब्लिनांच्या तळावर जाऊन त्यांचे तीन म्होरके मारावे लागतात. उलटही करता येतं. त्यांच्यातल्या मिंथाराशी हातमिळवणी करून वस्तीचं दार आतून उघडायचं आणि कत्तल होऊ द्यायची. काहीच न करता निघून जाणंही शक्य आहे. तर मी तळावर गेलो. तिथे शेकोटीवर एक बुटक्या जमातीतला माणूस भाजला जातोय. पिंजऱ्यात एक अस्वल आहे आणि गॉब्लिनांची पोरं त्याला दगड मारताहेत. झालं, तुमच्या मनात दया उरू नये याची सोय केली. टिफलिंगांना रक्तावरून जोखू नका असं पाच तास सांगणारा गेम लगेच पुढच्या डोंगरावर एक अख्खी जमात रक्तावरून वाईट म्हणून तुमच्या तलवारीपुढे उभी करतो.

हे दुखणं गेमचं एकट्याचं नाही, ते मूळ खेळातूनच आलंय. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात, 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, गॉब्लिन या जमातीपुढेच 'दुष्ट' असा शेरा आहे. एखाद्या गॉब्लिनपुढे नव्हे, जमातीपुढे. मूळ खेळाच्या मालकांनाही हे आता टोचू लागलंय. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की 'रेस' हा शब्द ते सोडणार. बाल्डर्स गेट ३ मध्ये पात्र निवडताना तो अजून तसाच आहे.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की लेखकांना याची थोडी जाणीव आहे. वस्तीत साझा नावाची एक गॉब्लिन पिंजऱ्यात आहे. गॉब्लिनांनी ज्यांची माणसं मारली अशा टिफलिंगांपैकी एकजण तिच्यावर धनुष्य रोखून उभी आहे. तुम्ही तिला थांबवू शकता, पुढे साझाला सोडवूही शकता. कालपर्यंत ज्यांना त्यांच्या शिंगांवरून हाकललं ते आज पिंजऱ्यातल्या बाईकडे त्याच नजरेने पाहताहेत, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. असे आणखी चार प्रसंग हवे होते.

कुतूहल म्हणून मी टिफलिंग होऊन नव्याने सुरुवात करूनही पाहिली. संवादाच्या काही पर्यायांपुढे तुमचा वंश लिहून येतो, वस्तीतले टिफलिंग तुम्हाला आपल्यातला समजून बोलतात. हे छान आहे. पण कागाचा निर्णय काही त्याने बदलत नाही. तुम्ही तलवार चालवणारे उपयोगी पाहुणे आहात तोवर तुम्हाला आत-बाहेर करायची मुभा, बाकीच्यांनी सामान बांधायचं.

व्यवहाराचं थोडं. गेमला डिस्कवर १५० जीबी जागा लागते, त्यामुळे डाउनलोड रात्री लावा. गेम आला तेव्हा किंमत तीन हजारांच्या घरात होती. ज्यांचा कॉम्प्युटर इतका दमदार नाही त्यांनी मूळ कागदी खेळाचे प्राथमिक नियम उतरवून घ्यावेत, ते इंग्रजीत फुकट मिळतात, आणि चार मित्र गोळा करावेत. गोष्ट सांगणारा मराठी असला की गॉब्लिन लगेच वऱ्हाडी बोलायला लागतात, हा स्वानुभव.

माझे लोक सध्या गॉब्लिनांच्या तळाबाहेर झोपले आहेत. बरोबरचा अस्टेरियन माझ्यावर नाराज आहे, कारण फुकटात कुणाला मदत केलेली त्याला खपत नाही. अस्वल अजून पिंजऱ्यात आहे.